हवालदाराची शिट्टी आणि विहिणींचे गुडघे

"फुगडी? आवं पावणं, आमच्या अंबूला फुगडीत हरवणारी बाई अजून पाळण्यातबी पडली न्हाई!"

आकाराम हवालदारानं हे वाक्य फेकलं आणि मिशीवरून अशी मूठ फिरवली, जणू फुगडी तोच घालणार होता! लेक पूजाचा साखरपुडा, कराडचं कार्यालय, निम्मी सांगली आणि हवालदाराचं कराडजवळचं अख्खं गाव, वडजाईवाडी, जमलेलं. अशा वेळी मुलीच्या बापानं पेढा खावा, फोटोला उभं राहावं आणि गप बसावं. पण फौजेतनं रिटायर झालेला माणूस गप बसतो होय?

त्याआधी काय झालं ते सांगायला हवं. मुलाच्या आईचे पाय धुवायची त्यांच्याकडं रीत. नवरामुलगा राजवर्धन सांगलीचा. त्याची आई मंगलताई पाटावर उभ्या राहिल्या, पूजाची आई अंबूबाई खाली गुडघ्यावर बसली आणि आकारामनं तांब्यातनं पाणी सोडलं. मंगलताईंच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. आकाराम बायकोच्या कानाशी पुटपुटला, "बोट बगितलंस का? अशी बाई नवऱ्याच्या डोक्यावर बसती म्हणत्यात. व्याह्याचं काय खरं न्हाई!"

अंबूबाईनं पाय पुसले, कुंकू लावलं आणि उठताना विहिणीचा हात घट्ट धरला. विहीणही जरा डगमगली, आणि दोघींच्या तोंडून एकदमच "आई गं" निघालं. आकारामला वाटलं, काय ही विहिणी-विहिणींची माया! त्याचा ऊर भरून आला.

मग जेवताना विषय निघाला हळदीचा, आणि हळदीला विहिणींनी फुगडी घालायची पद्धत दोन्ही घरांत. व्याही इंद्रजितराव सांगलीचे हळदीचे व्यापारी. बोलायला तेही काही कमी नव्हते. ते म्हणाले, "आमची मंगल शिराळ्याची. पंचमीला फुगडी घालायची तर बघणाऱ्याला घेरी यायची!" झालं! आकारामनं वरचं वाक्य फेकलं. इंद्रजितराव म्हणाले, "मग होऊन जाऊ द्या!" आकाराम म्हणाला, "होऊनच जाऊ द्या!" टाळ्या पडल्या. दोघी विहिणी तोंडात पेढा धरून नुसत्या हसत राहिल्या. संध्याकाळपर्यंत कुणा पुतण्यानं लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर टाकलं. 'हळदीची महाफुगडी! कराड विरुद्ध सांगली!' दोघींचे फोटो, आणि मधे विनाकारण एक वाघ.

परतीच्या गाडीत आकाराम पोस्टर दाखवत होता, "बग, लय झ्याक आलाय फोटो!"

अंबूबाईनं खिडकीबाहेर बघत शांतपणे सांगितलं, "तोंड तुमचं, गुडगा माजा."

"म्हंजे?"

"म्हंजे उजवा गुडगा गेलाय माजा. वरीस झालं. भाकरी थापून उठताना दार धरून उठती मी. तुमाला दिसलंय का कवा?"

आकारामला एकदम सगळं दिसायला लागलं. ती जिना एकेक पायरी करत उतरायची. देवळात मागं भिंतीला टेकून बसायची. गेल्या पंचमीला फुगडीला उठलीच नाही, आणि हा म्हणाला होता, 'म्हातारी झालीस व्हय गं!' त्याला स्वतःची लाज वाटली. या बाईला आयुष्यात मिरवायला काय होतं? पंचमी आली की अख्खी वडजाईवाडी तिच्या फुगडीला गोळा व्हायची, तेवढंच! आता हळदीला दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर तिचं हसं होणार होतं, आणि ते ह्याच्या तोंडामुळं.

"अंबू," तो म्हणाला, "लग्नापतूर तुजा गुडगा परेडला उभा करतो. हवालदाराचा शब्द हाय!"

"परत शब्द!" अंबूबाई म्हणाली आणि तिनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी कराडचे हाडाचे डॉक्टर. आकाराम आत शिरता शिरताच म्हणाला, "डॉक्टर, सरळ आपरेशन करा. नवा गुडगा घाला, आन् त्योबी जरा फुगडीचा बगून!"

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "हवालदार, सांध्याची झीज आहे, पण सुरुवातीची. ऑपरेशन लागत नाही."

"मग जालीम गोळ्या द्या!"

"त्याही लागत नाहीत."

"मग इंजेक्शन तरी मारा की!"

"फार सुजलं तर बघू. आधी मांडीचे स्नायू बळकट करायचे. रोज व्यायाम, रोज थोडं चालणं, वजन जरा खाली. वरून चोळायला मलम, नाहीतर शेक. गुडघ्याला पट्टा, आणि लांब जायचं तर काठी. दुखतो उजवा, तर काठी डाव्या हातात."

"दुखतंय उजवीकडं आन् आधार डावीकडं?"

"हो. चालताना भार वाटला जातो."

आकारामचं तोंड उतरलं. एवढा मोठा दवाखाना, भिंतीभर प्रमाणपत्रं, आणि औषध काय, तर व्यायाम! लग्नाला बोलावून ताक-भाकरी वाढावी तसं त्याला वाटलं. तरी त्यानं विचारलं, "आन् फुगडी?"

"फुगडीत गुडघ्याला पीळ बसतो," डॉक्टर म्हणाले. "व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारा. आधी किती सुधारणा होते ते बघू."

आकारामनं यातलं फक्त 'सुधारणा होते' एवढंच ऐकलं.

घरी आल्यावर त्यानं मोहीम हाती घेतली. मलम थोडं लावा म्हटलेलं. थोडं लावायला हवालदार काय कंजूष होता? त्यानं निम्मी ट्यूब चोळली. नाहीतर शेक म्हटलेलं, तर त्यानं 'नाहीतर' गाळलं आणि लगेच वरून गरम पाण्याची पिशवी ठेवली. अंबूबाई अशी किंचाळली, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

"आवं, मला बरं करताय का भाजताय?"

मग फिजिओथेरपिस्ट शोधायची वेळ आली. कराडात जायची सोय नव्हती. तिथं दर दोन माणसांत एक वडजाईवाडीचा. कुणी बघितलं तर संध्याकाळी सांगलीला कळणार, कराडचा पैलवान लंगडा! सांगलीला तर जायचंच नव्हतं. आकारामनं फौजी डोकं चालवलं आणि बरोब्बर मधलं ठिकाण निवडलं. पेठ नाका! हमरस्त्याचा फाटा. तिथं माणसं गाडी बदलतात, चहा पितात आणि पुढं जातात. कोण कुणाला ओळखतो?

तिथं ऋचा मॅडमचा दवाखाना होता. आत दोन खाटा, मधे हिरवा पडदा. बाहेर खुर्च्या. ऋचा मॅडम वयानं पूजाएवढी, पण आवाज असा, की आकाराम पहिल्याच दिवशी सावधानमध्ये उभा राहिला. तिनं अंबूबाईला उताणी झोपवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. "दाबा खाली. धरून ठेवा. मनात दहा म्हणा. सोडा. आता पाय सरळ ठेवून वर उचला. रोज सकाळ-संध्याकाळ. पहिल्यांदा थोडं दुखेल, घाबरू नका. गुडघा हलता राहिला पाहिजे."

"आन् मी?" आकारामनं विचारलं.

"तुम्हीही केलंत तर चांगलंच. या वयात सगळ्यांनीच करावं."

"छ्या! मी फौजी हाय. मी फकस्त कमांड देणार."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं अंगणात सतरंजी अंथरली, अंबूबाईला झोपवलं आणि गळ्यात जुनी पितळी शिट्टी अडकवली. कुंपण उंच होतं, बघणारं कुणी नव्हतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली.

इथं चूक झाली. वडजाईवाडीत घरटी एक माणूस फौजेतला! पहाटेची शिट्टी या गावानं आयुष्यभर ऐकलेली. शिट्टीचा आवाज विरायच्या आत शेजारचा नाथाजी सुभेदार बनियनवर, पायात उलटसुलट बूट घालून फाटकात हजर! "आकाराम! काय झालं? लढाई लागली का काय?" त्याच्या मागं आणखी चार-पाच. एकानं तर बॅटरी आणली होती.

अंबूबाई वर्षभरात पहिल्यांदा धावली आणि स्वयंपाकघरात घुसली. सतरंजी आणि टॉवेलची गुंडाळी तेवढी राहिली.

आकाराम म्हणाला, "लढाई न्हाई सुभेदार. मी… माजी सैनिकांचा व्यायाम वर्ग काढलाय!"

"मला न विचारता?" सुभेदाराचा हुद्दा दुखावला. "सीनियर कोण, तू का मी?" असं म्हणून तो तरातरा आला, सतरंजीवर उताणा झोपला आणि गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन म्हणाला, "बोल. कमांड दे."

आता माघार कशी घ्यायची? आकाराम ओरडला, "गुडगा दाब! धर! मनात धा म्हण! सोड!" आठवड्याभरात अंगणात सतरंज्या पुरेनात. सगळे माजी सैनिक ओळीनं उताणे, शिट्टीसरशी पाय वर, शिट्टीसरशी पाय खाली. आणि आत स्वयंपाकघरात, खिडकीला पडदा ओढून, त्याच शिट्टीवर अंबूबाईचा पाय वर, पाय खाली. फक्त एकच माणूस व्यायाम करत नव्हता. तो शिट्टी वाजवत होता.

त्या पुतण्यानं याचाही व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. 'महाफुगडीसाठी कराडची फौज सज्ज!'

जेवणाचंही तसंच झालं. वजन उतरवायचं म्हणून घरातली साखर बंद, तळण बंद, रात्री एकच भाकरी. अंबूबाईनं ते निमूट पाळलं. आकारामला मात्र शेजारी जाऊन चहा पिताना नाथाजीच्या बायकोनं पकडलं. पण महिन्याभरानं एक गोष्ट खरी झाली. अंबूबाई भाकरी थापून उठली आणि तिनं दार धरलं नाही! आकारामनं ते बघितलं. या वेळी बघितलं! त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, पण तो म्हणाला, "चुलीचा धूर लय झालाय."

"गॅस हाय तो," अंबूबाई म्हणाली.

असं सगळं छान चाललं असताना एका शुक्रवारी पेठ नाक्यावर वीज कोसळली. आकाराम दवाखान्याबाहेर खुर्चीत बसला होता. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. तोंडाला मास्क, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर भुवयांपर्यंत टोपी. आकारामच्या मनात आलं, बिचारा, काय रोग असंल! तेवढ्यात त्या गृहस्थांना सणसणीत शिंक आली, मास्क उडाला, चष्मा घसरला.

"पावणं?" आकाराम म्हणाला.

"व्याही?" इंद्रजितराव म्हणाले.

दोघंही उठले, दोघंही बसले.

"मी आपला… उसाच्या बिलाचं बगायला आलो हुतो," आकाराम म्हणाला.

"मी पण आपला… हळकुंडं दाखवायला," इंद्रजितराव म्हणाले.

दोघांनी दवाखान्याच्या पाटीकडं बघितलं. पाटीवर लालभडक गुडघ्याचं चित्र होतं. मग इंद्रजितरावांनी खाली मान घातली. "मंगलचा डावा गुडघा हो. दर शुक्रवारी तिला लवकर आत सोडून मी रसवंतीत बसायचो. सांगलीत दाखवलं असतं तर तुमच्यापर्यंत आलं असतं. कराड तर तुमचंच. म्हणून म्हटलं, मधे कुठं तरी…"

"पेठ नाका," आकाराम म्हणाला. "आमच्या अंबूचा उजवा."

दोघंही वरमले. मग एकदमच दोघांनी दाराकडं बघितलं. आत खाटा दोनच होत्या, आणि मधे होता तो फक्त पडदा!

दोघं दाराला कान लावून उभे राहिले. आत पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दोन बायका मजेत गप्पा मारत होत्या.

"तुमची विहीण कशी आहे हो, ताई?" हा आवाज मंगलताईंचा.

"विहीण बरी हाय. पर व्याही!" हा अंबूबाईचा. "हळदीचा यापारी. बायकूला इचारलं न्हाई, पुसलं न्हाई, आन् फुगडीचा सौदा करून मोकळा!"

इंद्रजितरावांनी टोपी आणखी खाली ओढली.

"आमचाही व्याही तसलाच!" मंगलताई म्हणाल्या. "नुसती मिशी! फुगडी घालणार बायको, आणि पीळ देणार हा!"

आकारामचा मिशीकडं चाललेला हात अर्ध्यातच थांबला.

"वळखलं न्हाई वाटतं एकमेकींना," तो कुजबुजला.

"कसं ओळखणार? साखरपुड्याला दोघी दोन वाक्यं बोलल्या असतील. मधे पडदा आहे तोवर ठीक. पण बाहेर समोरासमोर आल्या तर?"

"माजी मला घरात घ्यायची न्हाई."

"माझी मला घराबाहेर काढेल."

दोन्ही एकच होतं, पण तेवढा विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी ठरवून टाकलं. आधी आकारामनं अंबूबाईला बाहेर काढायचं, तोवर इंद्रजितरावांनी शेजारच्या रसवंतीत लपायचं. मग आकाराम गेला, की त्यांनी मंगलताईंना न्यायचं. आणि फुगडीचं काय? ती रद्द करायची यावर दोघांचं एकमत झालं. रद्द कुणी करायची, यावर मात्र झालं नाही.

"तुम्ही मुलीकडचे. तुम्ही माघार घ्या."

"आमी घेतली, तर गाव म्हणंल, हवालदार पळाला! तुमी मोठं मन करा."

"माझं मन मोठं आहे हो, पण सांगली त्याहून मोठी आहे!"

शेवटी तोड निघाली. हळदीला डीजे लावायचा आणि तो सुरू झाला, की शेवटपर्यंत थांबू द्यायचा नाही. गाण्यात खंडच नाही, तर फुगडी घालणार कधी? दोघांनी उसाच्या रसाचे ग्लास एकमेकांवर आपटले.

आकारामनं अंबूबाईचा वार बदलायचाही प्रयत्न केला. "बुदवारी जाऊ की आपून."

"न्हाई. माजी पडद्याची मैतरीण शुक्रवारीच येती." अंबूबाईचा चेहरा खुलला. "ती म्हणती, आज दुखलं तरी थांबू नगा ताई, उद्या कमी दुखतंय. मीबी तिला नेट देती. एकटीनं पाय उचलायचा कटाळा येतोय. तिच्या संगं उचलला की पाय हलका वाटतोय." मग तिनं पुढं पत्रिका धरली. "ही तिला द्या. आपल्या पूजाच्या लग्नाला ती आलीच पायजे."

पुढच्या शुक्रवारी रसवंतीत आकारामनं हळूच पत्रिका बाहेर काढली. इंद्रजितरावांनीही खिशातनं एक काढली. "मंगलनं दिलीय. पडद्याआडच्या मैत्रिणीसाठी."

दोघांनी पत्रिकांची अदलाबदल केली. तीच पत्रिका, तेच लग्न, तोच गणपती. रसवाल्याला वाटलं, दोघांचं डोकं फिरलंय.

अशा रीतीनं हळदीचा दिवस उगवला. कार्यालयाचं लॉन, पिवळ्या साड्या, पिवळे झब्बे, आणि मध्यभागी ताटाएवढं तोंड असलेले डीजेचे कर्णे. पूजा आणि राजवर्धन हळदीनं माखून बसलेले. एका बाजूला वडजाईवाडीची फौज, दुसऱ्या बाजूला सांगली. पुतण्यानं वाघाचं पोस्टर मांडवाच्या दारात टांगलेलं. डीजे सुरू झाला तो झालाच. आकारामनं डीजेवाल्याला दम भरून ठेवला होता, "आभाळ कोसळलं तरी बंद करायचा न्हाई!" दोन्ही व्याही दोन टोकांवरून एकमेकांना अंगठा दाखवत होते.

मग अंबूबाई उठली. पदर खोचला. समोरून मंगलताई उठल्या. त्यांनीही खोचला. मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या, पण डीजेपुढं कुणाला ऐकू येणार? आकारामनं डीजेवाल्याला आवाज वाढवायची खूण केली. दोघी समोरासमोर आल्या. आता ओळखणार! आता माझ्या अंबूचं हसं होणार! तो मनात देवाला म्हणाला, 'एवढी येळ निभावून ने, परत मिशीला हात लावणार न्हाई!'

अंबूबाईनं कमरेला खोचलेली वस्तू काढली. ती आकारामची पितळी शिट्टी होती! तिनं छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली.

डीजेवाला दचकला आणि त्याचा हात बटणावर पडला. गाणं बंद! आणि वडजाईवाडीचे सगळे माजी सैनिक हातातली भजी टाकून ताडकन सावधानमध्ये उभे राहिले. नाथाजी सुभेदार तर सवयीनं उताणा झोपायलाच निघाला होता, त्याला बायकोनं धरलं.

"मंडळी!" अंबूबाई म्हणाली. "माजा गुडगा झिजलाय. वरीस झालं, मी लपवत हुते. गुडगा दुखतोय म्हणायची लाज वाटत हुती."

"माझाही झिजलाय," मंगलताई म्हणाल्या आणि त्यांनी अंबूबाईचा हात धरला. "डावा."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "माजाबी!" दुसरी म्हणाली, "माजं तर दोनीबी!" बघता बघता निम्म्या मांडवातल्या बायकांचे हात वर गेले. एवढे गुडघे लपवून ही माणसं आजवर कशी जगली, देव जाणे!

आकाराम पुढं धावला. "अंबू! तुला कळालं? कवा?"

"पयल्याच दिवशी! पडद्याखालनं हिची पावलं दिसली. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. मी धुतलेले पाय मी वळखणार न्हाई व्हय?"

"आणि मला," मंगलताई म्हणाल्या, "तुमच्या फौजेच्या व्हिडिओत दिसलं. पुढं सगळे उताणे, आणि मागं खिडकीचा पडदा वाऱ्यानं उडाला, तर तिथं एक पाय वर-खाली! मग दवाखान्यात पडद्याआडून 'कमांड' हा शब्द आला तेव्हा खात्रीच झाली."

"मग आत बसून आमाला शिव्या?"

"दाराबाहीर कान लावून कोण उभं हुतं, ते काय आमाला ठावं न्हवतं?" अंबूबाई म्हणाली. "तुमच्यासाठीच मोठ्यांदा बोलत हुतो."

इंद्रजितराव हळूच मांडवाच्या दाराकडं सरकत होते. मंगलताईंनी नुसतं "अहो!" म्हटलं. ते जागच्या जागी थिजले. दुसऱ्या बोटाबद्दल लोक म्हणतात ते काही खोटं नसावं.

"ऋचा मॅडमनं आमाला सांगितलंय," अंबूबाई मांडवाला म्हणाली, "चाला, जिना चढा, काय बी करा, पर फुगडीचा पीळ नगं. तवा आमी दोगी फुगडी घालणार न्हाई. पर फुगडीचा शब्द दिलाय. हवालदाराचा शब्द! यापाऱ्याचा सौदा! तो मोडायचा न्हाई. ज्यांनी दिला, ते घालतील!"

मांडव उठला! "व्याह्यांची फुगडी! व्याह्यांची फुगडी!" नाथाजी सुभेदार सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. पूजानं बापाचा झब्बा धरून त्याला मधे ओढलं. राजवर्धननं आपल्या बापाला ढकललं. दोन पिवळे व्याही समोरासमोर आले आणि हातांची कैची घातली.

"हळू घ्या हं, व्याही," इंद्रजितराव कुजबुजले.

"घाबरताय काय? मी फौजी हाय!" आकाराम म्हणाला आणि सवयीनं मिशीकडं हात न्यायला गेला. पण हात व्याह्याच्या हातात होता.

अंबूबाईनं शिट्टी फुंकली. फुगडी सुरू झाली! पहिला फेरा झकास गेला. दुसऱ्याला लोकांनी टाळ्या धरल्या. तिसऱ्याला आकारामला आपण तरुण असल्यासारखं वाटलं, त्यानं टाच रोवली आणि असा गरकन फिरला, की मांडव, वाघ, डीजे आणि सुभेदार एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोरून गेले. आणि मग आवाज आला.

कट्!

त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला. तो इंद्रजितरावांच्या गुडघ्याचा होता. दोघंही जोडीनं गेले ते थेट हळदीच्या परातीत.

लग्न थाटात झालं. मुलीचे वडील खुर्चीवर बसून होते, मुलाचे वडीलही. दोघांच्या गुडघ्यांना पट्टे होते. अंबूबाई आणि मंगलताई मात्र अक्षता वाटत मांडवभर फिरत होत्या, आणि जाईल तिथं बायका त्यांना घेरून ऋचा मॅडमचा पत्ता विचारत होत्या.

पुढच्या शुक्रवारी पेठ नाक्यावर, हिरव्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन व्याही उताणे पडले होते. गुडघ्याखाली टॉवेलच्या गुंडाळ्या. ऋचा मॅडम म्हणाली, "मुरगळलंय, आणि खाली जुनी झीजही आहे. ऑपरेशन नको, जालीम गोळ्या नकोत. रोज व्यायाम करा, वजन उतरवा. तेव्हाच म्हटलं होतं, तुम्हीही करा."

"मी रोज शिट्टी वाजवत हुतो की, मॅडम," आकाराम क्षीण आवाजात म्हणाला.

बाहेर रसवंतीतनं दोन विहिणींच्या हसण्याचा आवाज येत होता. मधूनच शिट्टी वाजायची, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दोन पाय निमूट वर जायचे.

संध्याकाळी नवरा-बायको वडजाईवाडीच्या फाट्यावर एसटीतनं उतरली. अंबूबाई पुढं झपाझप चालत होती. आकाराम मागनं, गुडघ्याला पट्टा, आणि दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी. पारावर सगळी फौज बसलेली. नाथाजी सुभेदारानं काठीकडं बघितलं, मग आकारामकडं बघितलं.

"काय हवालदार? काठी?"

आकारामनं छाती पुढं काढली. मिशीकडं हात नेला, पण मधेच मागं घेतला.

"ही व्हय?" तो म्हणाला. "ही अंबूची हाय. मी नुसती धरलीया."